कोच लोकांच्या मॅरेज रिट्रीटला जाऊन आलो, माझा अनुभव

मी वसईत एका शाळेत पीटी टीचर आहे, गेली चौदा वर्षं व्हॉलीबॉलची टीम बघतो. लग्नाला अकरा वर्षं झाली, दोन मुलं. २०२५ च्या फेब्रुवारीत आम्ही दोघं कोच आणि पीटी टीचर लोकांसाठी ठेवलेल्या मॅरेज रिट्रीटला, म्हणजे नवरा-बायकोंच्या दोन-तीन दिवसांच्या निवासी शिबिराला जाऊन आलो आणि तेव्हापासून बरेच जण विचारतात की तिथे नक्की काय करतात, भांडण असलेल्यांनीच जायचं असतं का, सगळ्यांसमोर घरातलं सांगावं लागतं का. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहितोय.

आमचं काही भांडण नव्हतं. भांडायला तरी दोन माणसं एका वेळी घरात लागतात. ज्यांच्या घरात कोच आहे त्यांना माहीत आहे, शालेय स्पर्धा पावसातच चालू होतात, आधी तालुका, मग जिल्हा, विभाग, टीम चांगली असेल तर राज्य, त्यात नाताळ येतो आणि नाताळ संपतो न संपतो तोच चिमाजी अप्पा मैदानावर कला-क्रीडा महोत्सव, मग जरा श्वास घेतो तोवर उन्हाळी शिबिराच्या पावत्या फाडायची वेळ. रविवार तर मॅचचाच वार. एका रविवारी मी कधी नव्हे तो मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेला गेलो, बाहेर पडताना फादरनी थांबवलं आणि एवढंच म्हणाले, "सर, मिसेस नेहमी मुलांना घेऊन एकट्याच येतात." आणि या रिट्रीटचा फॉर्म हातात दिला. मला राग आला होता खरं सांगायचं तर. ही मात्र फॉर्म घरी आणून फ्रिजवर मॅग्नेटने लावून मोकळी झाली, बोलली काहीच नाही. तो फॉर्म तिथे बारा दिवस होता, तेराव्या दिवशी मी भरला.

भरायचं काही अवघड नाही, नावं, लग्नाची तारीख, कुठलं धर्मग्राम (म्हणजे कुठल्या चर्चचे), कुठला खेळ. अवघड होतं ते शुक्रवार संध्याकाळ ते रविवार संध्याकाळ मोकळं काढणं. मुलांना आईकडे सोडलं, शनिवारची प्रॅक्टिस एका माजी विद्यार्थ्यावर सोपवली आणि त्याला शपथ घालून सांगितलं की कुणाचा पाय मुरगळला तरच फोन कर. रिट्रीट हाऊस उत्तनच्या बाजूला होतं, समुद्राला लागून. हायवेने मोठा वळसा पडतो म्हणून वसई जेट्टीवरून बाईक रोरोत, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीत घातली, २०२४ च्या फेब्रुवारीपासून ही सेवा चालू आहे, खाडी ओलांडली की भाईंदर. बोटीत ती रेलिंगला टेकून उभी होती, मी सवयीने फोनवर टीमच्या ग्रुपमध्ये मेसेज टाकत होतो. लिहितानाही वाईट वाटतं.

आम्ही नऊ जोडपी होतो. व्हॉलीबॉल, कबड्डी, ॲथलेटिक्स, क्रिकेट, दोन जोडपी रत्नागिरी आणि मालवणकडून आलेली, आणि एक जोडपं असं की ती स्विमिंग कोच आणि तो बँकेत. एक फादर आणि दोन अनुभवी जोडपी सगळं चालवत होती. पहिल्या रात्री त्यांच्यातल्या दादांनी सांगितलं की या वीकेंडचा सांगाडा मॅरेज एन्काउंटर या जोडप्यांसाठीच्या कार्यक्रमाचा आहे, फादर गॅब्रिएल काल्वो नावाच्या स्पॅनिश धर्मगुरूंनी सुरू केलेला, पहिला वीकेंड १९६२ साली बार्सिलोनात झाला. आणि फक्त कोच आणि त्यांच्या जोडीदारांसाठी वेगळं काही ठेवायची कल्पना अमेरिकेतून घेतली, तिथे फेलोशिप ऑफ ख्रिश्चन ॲथलीट्स ही संस्था १९५४ साली डॉन मॅक्लॅनन या बास्केटबॉल कोचने सुरू केली आणि ते लोक कोच जोडप्यांसाठी अशी रिट्रीट घेतात. म्हणजे तिकडच्या फुटबॉल कोचच्या बायकोचं आणि आमच्या हिचं दुखणं एकच, हे ऐकून माझ्या शेजारी बसलेली ही पहिल्यांदा हसली.

आता पद्धत. आधी एखादं जोडपं स्वतःचं खरंखुरं काहीतरी सांगतं, मग एक प्रश्न देतात, मग प्रत्येकाने आपापल्या वहीत उत्तर लिहायचं, नवरा-बायको वेगवेगळे बसून, दहा मिनिटं. नंतर खोलीत जाऊन वह्या बदलायच्या, एकमेकांचं वाचायचं आणि दहा मिनिटं त्यावरच बोलायचं. याला ते दहा-दहा म्हणतात. सगळ्यांसमोर काहीही सांगावं लागत नाही, आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही की शेजारच्या खोलीत काय चाललंय. नियम एकच पण फार कठीण, भावना बरोबर किंवा चूक नसते, त्यामुळे समोरच्याने लिहिलेल्या भावनेवर वाद घालायचा नाही आणि उपायही सांगायचा नाही.

मी पहिल्याच वेळी तो मोडला. प्रश्न होता, तू घरी नसतोस किंवा नसतेस तेव्हा मला काय वाटतं. मी चार ओळी लिहिल्या, घर ती व्यवस्थित सांभाळते, मला अभिमान वाटतो वगैरे. तिने दीड पान भरलं होतं. तिचं अक्षर मी कित्येक वर्षांत वाण्याच्या यादीशिवाय पाहिलं नव्हतं, लग्नाआधी पत्र लिहायची ते तसंच होतं, 'र' ला खाली लांब शेपूट. दर आठवड्याला ती टीमच्या चौदा जर्सी धुते, मला वाटायचं त्याचाच वैताग असणार. जर्सीबद्दल एक अक्षर नव्हतं. तिने लिहिलं होतं, "मॅचच्या आदल्या रात्री तू एकेका मुलाला फोन करून जेवलास का विचारतोस. मी बाजूलाच चपात्या करत असते. मला कोणी विचारून किती वर्षं झाली ते मला आठवत नाही."

आणि मी काय बोललो असेन? बोललो, मग तू आमच्याबरोबरच जेवत जा ना, मागून एकटी कशाला जेवतेस. तिने वही मिटली. ती रात्र तशीच गेली, बाहेर लाटांचा आवाज आणि खोलीत आम्ही दोघं आपापल्या भिंतीकडे तोंड करून.

शनिवारी सकाळी चहाच्या वेळी मी दादांना गाठून हे सांगितलं. ते स्वतः पूर्वी ॲथलेटिक्सचे कोच. म्हणाले, आपल्याला चूक दिसली की हात आपोआप सुधारायला जातो, तो आपला धंदा आहे, पण ती तुला चूक दाखवत नाहीये, ती तुला आत बोलावतेय. मला ते एकदम लागलं कारण व्हॉलीबॉलला सेटमध्ये दोन टाइमआऊट, प्रत्येकी तीस सेकंद, आणि माझी सगळी हुशारी त्या तीस सेकंदांत काय सांगायचं यातच गेली. घरीही मी तसाच बोलत होतो. कुणी काही सांगायला घेतलं की तिसाव्या सेकंदाला माझा निर्णय तयार.

मग फादरांचं सत्र झालं ते मला आयुष्यभर पुरेल. मी मुलांना नेहमी बायबलमधलं संत पौलाचं ते शर्यतीचं सांगतो, धावतात सगळे पण बक्षीस एकालाच मिळतं म्हणून मिळवण्यासाठी धावा. करिंथकरांस पहिलं पत्र, नववा अध्याय. फादर म्हणाले की करिंथजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरायचे, पौल ज्यांना लिहीत होता त्यांना स्टेडियम पाठ होतं, म्हणून त्याने ही भाषा वापरली. आणि मग पान उलटत उलटत तेराव्या अध्यायावर आले, प्रीती सहनशील आहे, जे आमच्या लग्नात वाचलं होतं. तेच पत्र, तेच लोक, मध्ये फक्त काही पानं. चौदा वर्षं मी नववा अध्याय मैदानावर वाचत आलो आणि तेरावा लग्नाच्या अल्बममध्ये ठेवून दिला. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली कुटुंबावर जे लिहिलं त्यात या तेराव्या अध्यायाचा एकेक शब्द घेऊन समजावलाय, ते पण थोडं वाचून दाखवलं, सहनशील म्हणजे मुकाट सोसणं नव्हे हे त्यातलंच.

दुपारी परत दहा-दहा. या वेळी मी तिचं वाचलं आणि काहीच बोललो नाही, फक्त विचारलं, अजून सांग. ती बोलत राहिली. दहा मिनिटं कधीच उलटली, चहाची घंटा झाली, आम्ही गेलो नाही. खिडकीतून खाली बांबूंवर वाळत घातलेले बोंबील दिसत होते, एक बाई ऊन उतरायच्या आत ते काढत होती आणि ही बोलता बोलता तिच्याकडे बघत होती, माझ्याकडे नाही, आणि रडत होती. मीही रडलो. रविवारी मिस्सात सगळ्या जोडप्यांनी हात धरून लग्नाची वचनं पुन्हा म्हटली, तिथे मला शब्द पाठ असूनही दोनदा थांबावं लागलं.

एक गोष्ट मात्र मी त्यांना फीडबॅकमध्ये लिहून दिली. सगळी उदाहरणं नवरा कोच आणि बायको घरी अशीच होती. त्या स्विमिंग कोच ताई आणि त्यांच्या मिस्टरांना प्रत्येक वेळी मनात उलटं करून ऐकावं लागत होतं. आता बायका कोच किती आहेत आपल्याकडे, कबड्डीत, खोखोत, हे बदलायलाच पाहिजे.

परत आल्यावरचं पण सांगतो, नाहीतर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. मार्च ते जून रोज रात्री दहा-दहा नीट चाललं. जुलैत स्पर्धा चालू झाल्या आणि सलग तीन आठवडे वही उघडलीच नाही, मला वाटलं गेलं सगळं पाण्यात. मग तिनेच तोड काढली, सकाळी ती प्रश्न व्हॉट्सॲपवर पाठवते, मी मॅचहून येताना बसमध्ये उत्तर लिहितो, मुलं झोपलेली असतात तेव्हा. बोलणं घरी आल्यावर, कधी दहा मिनिटं, कधी पाचच. आणि आदल्या रात्रीचे फोन मी अजून करतो, पण आधी आम्ही दोघं जेवून घेतो.

कुणाला जायचं असेल तर आपल्या धर्मग्रामात फादरांना विचारा, त्यांना कळलेलं असतं पुढचं कधी आहे. तारीख फेब्रुवारी-मार्चचीच मागा, सीझन चालू असताना गेलात तर मन ग्राउंडवरच राहील. मुलांची सोय आधी करा, एक शाल ठेवा कारण समुद्रावरचा वारा रात्री चांगलाच लागतो, आणि फोन शुक्रवारी संध्याकाळी स्वतःहून जोडीदाराच्या बॅगेत टाका.