पिस्तुलाला कुलूप

टेक्सासात सोळा वर्षं काढल्यावर मी रिव्हॉल्व्हर घेतलं. कोल्हापूरला फोनवर हे सांगितलं तेव्हा आईनं पहिलं विचारलं, "कुणी मागं लागलंय का रे?" आणि धाकट्यानं विचारलं, "केवढ्याला पडलं?" दोघांनाही तेव्हा धड उत्तर दिलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

तर, मागं कुणी लागलेलं नाही. २०२४ च्या एक ऑगस्टला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमध्ये कांस्य मारलं. १९५२ च्या खाशाबांनंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि तेही राधानगरी तालुक्यातल्या पोराचं. त्या आठवड्यात मी ऑफिसात भेटेल त्याला धरून हे ऐकवत होतो. शेवटी पलीकडच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, एवढं असेल तर शनिवारी चल माझ्याबरोबर रेंजवर. गेलो. पन्नास गोळ्या झाडल्या, त्यातल्या चार-पाच कागदाला लागल्या. त्यानं दिलेलं रिव्हॉल्व्हर होतं. स्वप्नील रायफल मारतो, त्याचा याच्याशी काय संबंध, हा मुद्दा धाकट्यानं लगेच काढला. संबंध काही नाही. पण माणसाला निमित्त लागतं.

खरं निमित्त याच्याही आधीचं आहे. आमच्या आजोबांकडे ३२ बोअरचं वेब्ली होतं, परवान्याचं. मधून मोडायचं, आणि मोडलं की सगळी रिकामी काडतुसं एकदम वर यायची. वर्षातून एकदा, दसऱ्याला, ते पाटावर यायचं. हळद-कुंकू, झेंडूचं फूल, आणि आम्हा पोरांना फक्त लांबनं बघायची परवानगी. बाकी वर्षभर कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली आजीच्या कमरेला. मग कुठलीही निवडणूक लागली की आजोबा ते लाल फडक्यात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करून यायचे. निकाल लागला की परत आणायचे. त्यांच्या हातून एकही बार झालेला मी ऐकला नाही, पण या जमा-परतच्या पावत्यांची फाइल मात्र जाड झाली होती.

इथे एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असताना बंदूक जवळ बाळगणं कायद्यानं जवळजवळ बंदच असतं. शिकारीचा परवाना वगैरे अपवाद आहेत, पण त्या भानगडीत कोण पडतो. ग्रीन कार्ड आलं आणि ती अडचण गेली. टेक्सासात विकत घ्यायला वेगळा परवाना लागत नाही, आणि २०२१ च्या सप्टेंबरपासून बहुतेक सज्ञान माणसांना जवळ बाळगून फिरायलाही लागत नाही. मी फिरत नाही, हे आईसाठी.

आता दुकान. आमच्या गावाबाहेर हायवेला लागून आहे, शेजारी टायरवाला आणि डोनटवाला. काउंटरमागे सत्तरी ओलांडलेले एक आजोबा. मी 'स्मिथ अँड वेसनचं मॉडेल १९ बघायचंय' म्हटल्यावर त्यांनी विचारलं, नवं की खरं? हा प्रश्न मला तेव्हा कळला नाही.

त्यांनी हिरव्या मऊ कापडावर दोन्ही शेजारी शेजारी ठेवली. नाव एक, कंपनी एक, नळी जवळपास तेवढीच, दोन्ही निळ्या पोलादाची. एक कोरं, दुसरं १९७४ चं, म्हणजे माझ्याच वयाचं. पन्नास वर्षं झालेल्या बंदुकीला इथला कायदा 'क्युरिओ अँड रेलिक' म्हणतो. जुनी, जपून ठेवायची चीज. मला ते मनाला लागलं.

हे मॉडेल १९५५ साली आलं. बिल जॉर्डन नावाच्या बॉर्डर पेट्रोलच्या, म्हणजे सीमेवर गस्त घालणाऱ्या दलातल्या, माणसाच्या सांगण्यावरून कंपनीनं ते केलं. ३५७ मॅग्नम या जोरकस काडतुसाची ताकद हवी, पण दिवसभर कमरेला वागवता येईल असं मध्यम अंगाचं हवं, अशी त्याची मागणी होती. १९९९ ला बंद केलं, २०१८ ला परत आणलं. म्हणजे माझ्यासमोरचं नवं हे खरं तर जुन्याचा पुनर्जन्म होता. काउंटरमागच्या आजोबांच्या मते जन्मात काहीतरी घोळ झालेला.

घोळ म्हणजे ते भोक. नव्याच्या डाव्या अंगाला, चक्र (ज्यात सहा काडतुसं बसतात ते) उघडायच्या बटणाच्या वर, एक बारीक छिद्र होतं. त्यात इवलीशी किल्ली घालून फिरवली की आतली यंत्रणा अडकते आणि चाप चालत नाही. कुलूप! मी म्हटलं, वा, हे तर चांगलंच आहे. आजोबांचा चेहरा असा झाला की जणू मी पुरणपोळीवर केचप मागितलं. त्यानंतर अर्धा तास त्या भोकावर प्रवचन झालं, आणि बाजूला उभी असलेली दोन अनोळखी गिऱ्हाइकं येऊन टाळकरी झाली.

कथा मात्र ऐकण्यासारखी आहे. सन २००० मध्ये ही कंपनी एका इंग्रज उद्योगसमूहाच्या मालकीची होती. त्यांनी क्लिंटन सरकारशी करार केला, बंदुकांना अमुक सुरक्षा, विक्रीवर तमुक बंधनं. इथले बंदुकीचे हौशी भडकले. गद्दारी म्हणून बहिष्कार टाकला, धंदा बसला. १९८७ साली अकरा कोटी डॉलरच्या वर मोजून घेतलेली कंपनी त्या मालकांनी २००१ मध्ये दीड कोटीला विकली. आणि घेतली कुणी? बंदुकीची कुलपं बनवणाऱ्या अ‍ॅरिझोनातल्या एका छोट्या कंपनीनं. कुलूपवाल्यानं वाडाच विकत घेतला म्हणा ना. मग त्यानं प्रत्येक दाराला आपलं कुलूप ठोकलं, यात नवल ते काय! पण हौशी माणसाला आजही ते भोक दिसलं की कुलूप दिसत नाही, करार दिसतो. त्या भोकाला त्यांनी क्लिंटनबाईंच्या नावानं एक टोपणनाव दिलंय. ते इथे लिहीत नाही.

मला हे खरंच कळत नाही. आमच्या घरात फाटकाला कडी, दाराला कडी-कोयंडा, आतून आडणा, कपाटाला कुलूप, कपाटातल्या तिजोरीला कुलूप, आणि फोनलाही, त्या काळ्या गोल डायलच्या फोनलाही, एक टिकलीएवढं कुलूप होतं. तांदळाच्या डब्याला नव्हतं एवढंच. कुलूप असणं म्हणजे माझ्यावर अविश्वास, हे आमच्या डोक्यातच येत नाही. इथे उलटं. दारं उघडी टाकून झोपणारी माणसं बंदुकीच्या एका भोकावर वीस-बावीस वर्षं धुसफुसत बसतात. आणि वर आम्हाला सांगतात की भारतात फार भावनेचं राजकारण चालतं.

तर मी जवळजवळ नवं घेणारच होतो. मग सहज विचारलं, किल्ली हरवली तर? आजोबांनी गल्ल्याच्या खणातून मूठभर किल्ल्या काढून कापडावर ओतल्या. सगळ्या सारख्या. कुठलीही किल्ली कुठल्याही रिव्हॉल्व्हरला चालते. हे माझ्या दृष्टीनं कुलूपच नव्हे. एका किल्लीनं गल्लीतली सगळी घरं उघडत असतील तर त्याला आपण कडी म्हणतो.

नंतर त्यांनी जुनं हातात दिलं. आधी चक्र उघडून दाखवलं, रिकामं. मग पुन्हा मलाही बघायला लावलं, रिकामं. मग म्हणाले, घोडा अगदी हळू मागे ओढ, आणि चक्राला बोटाचा किंचित विरोध कर. घोडा पुरता चढायच्या आत प्रत्येक घर खट् करून जागेवर बसायला हवं. सहा वेळा केलं, सहा वेळा खट्. नंतर चक्र पुढेमागे हलतंय का ते पाहिलं, आणि नळी व चक्र यांच्यामधल्या फटीत पातळ पट्ट्या सरकवून माप घेतलं: सहा हजारांश इंच. चालेल. शेवटी बारीक टॉर्च घेऊन नळीच्या मागच्या तोंडाशी, जिथे गोळी चक्रातून नळीत शिरते, तिथे खालच्या बाजूला पाच मिनिटं बघत राहिले. या जुन्या मॉडेलची दुखरी जागा तीच. जागा पुरावी म्हणून तिथलं पोलाद खालून सपाट छाटलेलं असतं, आणि हलक्या, जोरकस मॅग्नम गोळ्यांचा मारा फार झाला की नेमकं तिथेच तडकतं. हे तडकलेलं नव्हतं. तरी त्यांनी बजावलं, यात रोज ३८ स्पेशल, म्हणजे मॅग्नमपेक्षा सौम्य गोळी, घाल, ती यात बसते. मॅग्नम घालायची तर जड गोळीची, आणि सणासुदीला.

हे ते मला का सांगत होते? जुन्यातला दोष मला दाखवून देत होते, आणि नवं तर त्याहून महाग होतं. दुकानदारानं आपल्याच मालाची दुखरी जागा टॉर्च लावून दाखवावी, याचं मला आजही अप्रूप वाटतं. आपल्याकडे जुनी स्कूटर घेताना विकणारा फक्त हॉर्न वाजवून दाखवतो.

जुन्यात आणखी काय? घोडा आणि चाप घडीव पोलादाचे, त्यावर तेलाच्या तवंगासारखे रंग. नळी फिरू नये म्हणून आडवी खिळलेली बारीक पिन, आणि काडतुसाची कड आत बसेल असं खोलगट कोरलेलं चक्र. १९८२ च्या सुमारास कंपनीनं दोन्ही सोडून दिलं, खर्च वाचवायला. नव्यात घोडा नि चाप धातूची भुकटी साच्यात दाबून, भाजून करतात. शाडूचा गणपती आणि साच्यातला गणपती यातला फरक. साच्यातले सगळे एकसारखे येतात, नाक डोळे जिथल्या तिथे, कुणाला बोट ठेवायला जागा नाही. तरी पेणहून हातानं घडवलेला आणतोच ना आपण, जास्त पैसे देऊन? जुन्याचा चाप आजीच्या उषा मशीनच्या चाकासारखा फिरला. नव्याचा जरा खरबरीत. नवं शंभर एक वेळा चालवलं की तेही गुळगुळीत होतं, असं माझा सहकारी म्हणतो. त्याच्याकडे नवंच आहे.

घेतलं जुनंच. मग फॉर्म. त्यात एक प्रश्न आहे, तुम्ही न्यायासनापासून फरार आहात का? फरार माणूस इथे 'हो'वर खूण करून सही ठोकत असेल, असं चित्र डोळ्यापुढे आलं. ग्रीन कार्डाचा नंबर, पत्ता, जन्मगाव. जन्मगाव कोल्हापूर लिहिताना उगाच आमचे आजोबा आठवले. मग घेणाऱ्यावर गुन्हे वगैरे आहेत का याची सरकारी तपासणी. तिचं उत्तर बाकीच्यांना पाच मिनिटांत येतं, माझं 'थांबा' आलं. दुकानातला माझ्यामागचा पोरगा, दंडावर गोंदण, पायात चप्पल, सात मिनिटांत पिशवी घेऊन गेला. मी दोन दिवसांनी फोन आल्यावर गेलो. आमच्या आजोबांना परवाना मिळायला दीड वर्षं लागलं होतं, तेव्हा तक्रार कशाची. पण ते सात मिनिटं मला अजून खुपतात, हेही खरं.

धाकट्याला किंमत सांगितली. रुपयांत केल्यावर 'एवढ्या स्वस्तात?' म्हणून तो ओरडला, कारण कानपूरच्या सरकारी कारखान्यानं २०१४ साली बायकांसाठी म्हणून काढलेलं 'निर्भीक' तेव्हाच १,२२,३६० रुपयांना होतं. ते अर्धा किलोचं, माझं किलोभर. मी म्हटलं, निर्भीकसुद्धा आजोबांच्या वेब्लीच्याच वंशातलं, ३२ बोअरचं, मधून मोडणारं. म्हणजे आपल्याकडे नवं घेतलं तरी जुनंच मिळतं. तो म्हणाला, तू तिकडं जाऊन जुनंच घेतलंस की.

बायकोचं बोलणं वेगळं होतं, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. २०२२ मध्ये या देशात बंदुकीनं ४८ हजारांहून जास्त माणसं गेली, त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांनी स्वतःलाच संपवलं. आपल्या घरात चौदा वर्षांचा मुलगा आहे. "याला कुलूप कुठंय?" तिनं विचारलं. मी तिला भोकाची सगळी कथा सांगितली, सारख्या किल्ल्यांपर्यंत. ती म्हणाली, "म्हणजे बिनकुलपाचं निवडून आणलंस."

दुसऱ्या दिवशी पोलादी पेटी आणली. भिंतीला चार बोल्ट ठोकून बसवली, काडतुसांसाठी वेगळा डबा, त्यालाही कुलूप. पेटीचे पैसे मिळवले तर हिशेब नव्या रिव्हॉल्व्हरच्या वर गेला, हे मी तिला सांगितलेलं नाही. तिनं पावती पाहिली आहे. पेटीची किल्ली एक तिच्याकडे, एक माझ्याकडे. दसऱ्याला पेटी उघडली, पाटावर ठेवलं, झेंडू इथल्या भारतीय दुकानातला. मुलगा लांबनं बघत होता, फोनवर फोटो काढत.

तो फोटो कोल्हापूरला पोचला त्या आठवड्यात तिकडे विधानसभेची आचारसंहिता लागली होती, आणि इकडे पाच नोव्हेंबरच्या मतदानासाठी अंगणा-अंगणात पाट्या. धाकट्याचा फोन आला.

"दादा, फडकं काढून ठेवलंस का?"

"कसलं?"

"लाल. तुमच्यात निवडणूक लागलीय न्हवं? जमा कधी करणार?"

इथे जमा करावं लागत नाही, मतदान केंद्रात नेलं नाही म्हणजे झालं, असं मी सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "असं कसं? पावती तरी घे कुणाकडनं."