बाईंनी लहान करत नेलेला कागद

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असं समितीचं पत्र आलं आणि त्या दिवशी हातातलं काम बाजूला राहिलं. शाळेचं मैदान, कडुनिंबाचा पार, स्नेहसंमेलनं यांवर बाकीचे लिहितीलच. मी लिहिणार ते मराठीच्या बाईंविषयी. त्यांचं नाव घालायची गरज नाही. आमच्या वेळच्या कुणालाही नुसतं ‘बाई’ म्हटलं की पुरतं.

आम्ही खेड्यावरून एसटीनं अंबाजोगाईला येणाऱ्या मुली. माझी वही पूर्ण असायची, चाचणीत मार्कही बरे पडायचे. पण उभं राहून बोल म्हटलं की घसा कोरडा पडायचा आणि तोंडातून एकच वाक्य निघायचं, “मला नाही जमायचं.” घरीदारी तेच ऐकत वाढलेली. “आपल्याला कुठं जमतंय” हे आमच्याकडं पोरीबाळींना विनय म्हणून शिकवतात. मोठेपणी तो विनय राहत नाही, पायातली बेडी होते.

बाईंनी यावर मला कधी उपदेश केला नाही. “तुला जमेल” असंही त्या म्हणाल्याचं आठवत नाही. एका संध्याकाळी घंटा झाल्यावर म्हणाल्या, “उद्या परिपाठाला तारीख, वार, तिथी तू सांगायची.” फळ्यावर लिहिलेलंच वाचायचं होतं. ते झालं. मग सुविचार आला. मग रेडिओवरच्या सकाळच्या बातम्या ऐकून त्यातल्या दोन लिहून आणायच्या, असं ठरलं. प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा जराशीच उंच असायची, त्यामुळं नाही म्हणायला कारणच सापडायचं नाही.

आठवीत त्यांनी मला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं भाषण दिलं. लिहून मात्र दिलं नाही. “आजोबांना विचारून ये,” म्हणाल्या. पुस्तकात होतं ते एवढं, की स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लढा झाला, १३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस अ‍ॅक्शन, म्हणजे भारतीय सैन्याची कारवाई, सुरू झाली आणि १७ तारखेला निजाम शरण आला. आजोबांनी सांगितलं ते वेगळं होतं. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांच्या भीतीनं गावातल्या बायामाणसांनी ज्वारीच्या रानात रात्री काढल्या होत्या, आणि लेकरू रडू नये म्हणून आया त्याला छातीशी दाबून धरायच्या. देश स्वतंत्र होऊन तेरा महिने उलटले तरी आमच्या गावात तिरंगा लागलेला नव्हता.

हे सगळं मी फुलस्केपच्या दोन्ही बाजूंना भरून आणलं. बाईंनी वाचलं, कागद मधोमध दुमडला आणि म्हणाल्या, “उद्या एवढ्यात बसव.” मग पोस्टकार्डाएवढा कागद झाला. शेवटी एसटीच्या तिकिटाएवढी चिठ्ठी उरली. तिच्यावर चारच शब्द होते : तेरा महिने, रान, लेकरू, तिरंगा. भाषण करताना मधेच मी अडले. समोर सगळी शाळा बसलेली. बाई पहिल्या रांगेच्या कडेला उभ्या होत्या. त्यांनी पुढचं वाक्य पुरवलं नाही आणि दुसऱ्या कुणाला पुरवूही दिलं नाही. हाताची घडी घालून शांतपणे माझ्याकडं बघत राहिल्या. मी चिठ्ठीवरचा ‘रान’ वाचला आणि पुढं बोलत गेले.

पुढं परभणीच्या कृषी विद्यापीठात विस्तार शिक्षण, म्हणजे शेतीचं ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत पोचवायचं शास्त्र, शिकताना अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाचं १९७७ सालचं विवेचन वाचनात आलं. माणसाला ‘हे मला जमेल’ असं वाटण्यामागं त्यानं चार गोष्टी सांगितल्या आहेत : स्वतः पार पाडलेलं काम, आपल्यासारख्या दुसऱ्याला जमलेलं पाहणं, लोकांनी दिलेला धीर आणि शरीर-मनाची त्या वेळची अवस्था. यातलं सगळ्यात भक्कम पहिलं. सापाला घाबरणाऱ्या माणसांना पायरीपायरीनं साप हाताळायला लावून त्यानं हे तपासलं होतं. वाचताना मला बाईच दिसत होत्या. ‘सकारात्मक विचार करा’ सांगणारी व्याख्यानं हल्ली गावोगाव होतात. त्यात विश्वास आधी आणि काम नंतर. बाईंच्या हाताखाली आम्ही आधी काम केलं.

आज कृषी विस्ताराच्या कामात मी बचत गटातल्या बायांसोबत असते. मृगाच्या तोंडावर घरच्या सोयाबीनची उगवण तपासायची म्हटलं की पहिलं उत्तर येतं, “मॅडम, ते मालकाला इचारा, आमाला काय कळतंय.” मी समजावत बसत नाही. ओलं बारदान अंथरते आणि दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे त्यांच्याच हातानं मांडायला लावते. बारदान गुंडाळून सावलीत ठेवायचं, ओल टिकवायची आणि आठवड्याच्या आत उलगडून चांगले कोंब मोजायचे. सत्तर किंवा जास्त निघाले तर एकरी तीस किलो बियाणं पुरतं, कमी निघाले तर वाढवावं लागतं. एका गावात बारदान उलगडल्यावर एका मावशींनी ब्याऐंशी कोंब मोजले, खात्री वाटेना म्हणून पुन्हा मोजले, आणि दुकानातून पिशवी आणायला निघालेल्या मुलाला दारातच अडवलं, “थांब, बी घरचंच पेरायचं.” नंतरच्या हंगामात शेजारच्या वाडीवर हे शिकवायला मावशीच गेल्या.

शाळेत मध्यंतरी आले होते तेव्हा मुलं मोबाइलवर तयार मिळालेलं भाषण पाठ म्हणत होती. उच्चार स्वच्छ होते, पण एकाच्याही भाषणात घरचे आजोबा नव्हते. वाईट वाटलं.

बाई महोत्सवाला येणार आहेत, असं समितीनं कळवलंय. शाल-श्रीफळ तर होईलच. माझी विनंती एवढीच, की त्या दिवशीचं सूत्रसंचालन सराईत निवेदकाला देऊ नका. कधीच माईक हातात न धरलेल्या, खेड्यावरून येणाऱ्या एखाद्या मुलीला द्या. तिचा सराव घ्यायला मी आठवडाभर आधी येते. रजेचा अर्ज आजच दिला आहे.