तुम्ही विचारलंत म्हणून: विसरायची गोळी

“डॉक्टरसाहेब, इसरानी गोयी शे का?” हा प्रश्न धुळ्यातल्या माझ्या दवाखान्यात आठवड्यातून एकदा तरी येतो, आणि विचारणारा बहुधा रुग्ण नसतो, त्याची आई किंवा मोठा भाऊ असतो. हल्ली लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेली शिकलेली माणसेही हेच प्रमाण मराठीत विचारू लागली आहेत, तेव्हा उत्तर एकदा नीट लिहून ठेवलेले बरे. घडलेला भयंकर प्रसंग मनातून पुसून टाकेल अशी गोळी नाही.

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्याजवळ एकमेकांना छेदतात, त्यामुळे अपघातातून वाचलेली माणसे माझ्याकडे पुष्कळ येतात. ट्रकवरचा एक क्लीनर (ओळख पटू नये इतपत तपशील मी बदलले आहेत) अपघातानंतर तीन महिन्यांनी आला, तेव्हा त्याचा मोडलेला हात जुळून आला होता. पण करकचून ब्रेक लागल्याचा आवाज कानी पडला की तो घामाने भिजत असे, डिझेलच्या वासाने त्याला मळमळत असे, आणि रात्री दोनच्या सुमारास, म्हणजे अपघाताच्याच वेळेला, तो अंगणात जाऊन बसत असे. घरच्यांनी त्याला आधी भगताकडे नेले होते, कारण ज्या वळणावर गाडी उलटली तिथलेच काहीतरी लागले असा सर्वांचा समज होता. मला त्या समजाचा राग येत नाही. घडून गेलेले मानगुटीवरून उतरत नाही, हे त्या कुटुंबाने अचूक ओळखले होते. चुकले होते ते फक्त कारण.

माझ्यासमोर तो अपघाताविषयी बोलला तेव्हा म्हणाला, “गाडी उलटी ऱ्हायनी.” उलटली असे नव्हे, उलटते आहे. साध्या आठवणीला काळवेळ चिकटलेली असते, पण जिवावर बेतलेल्या प्रसंगात मेंदूतली धोक्याची सूचना देणारी यंत्रणा इतकी पेटून उठते की ती आठवण पुढे जागी झाली की शरीर तिला आत्ताची घटना समजून पळण्याच्या तयारीला लागते. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांत हेच दिसले तेव्हा त्याला ‘शेल शॉक’ म्हटले गेले. ‘पीटीएसडी’ (आघातानंतर टिकून राहणारा तणावाचा विकार) हे निदान मनोविकारांच्या अमेरिकी वर्गीकरणात 1980 साली आले. त्यासाठी लक्षणे महिन्याहून अधिक टिकावी लागतात, कारण पहिल्या काही आठवड्यांत झोप उडणे, दचकणे हे बहुतेकांना होते आणि बहुतेकांचे आपोआप ओसरतेही.

औषधांचा उपयोग नाही असे मात्र नाही. सर्ट्रालिनसारखी औषधे भीतीची धार बोथट करतात, पण त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि आठवण ती पुसत नाहीत. लोक ज्याला विसरायची गोळी समजतात ती बहुतेक वेळा ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून आणलेली झोपेची गोळी असते. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात तणावाच्या लक्षणांसाठी त्या जातीची औषधे देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2013 साली स्पष्ट सांगितले आहे; शिवाय त्यांची सवय लागते. दारूचेही तेच, आणि ती तर गल्लोगल्ली मिळते.

उरते ते बोलणे, आणि तिथे मी स्वतः चुकलो आहे. नवा असताना एका बाईंना पहिल्याच भेटीत सगळे सांगायला लावले; मन मोकळे होईल असे मला वाटले होते, पण त्या पुन्हा आल्याच नाहीत. आता सुरुवातीच्या भेटी झोप, जेवण, श्वास आणि घरात कोणाचा आधार वाटतो, एवढ्यावरच जातात. मग रुग्णाच्या तयारीने, त्याला थांबवता येईल अशा बेताने, आम्ही त्या प्रसंगाकडे वळतो आणि तो प्रसंग क्रमाने, पुन्हा पुन्हा सांगून होतो. पेरणी आणि कापूस वेचणीच्या दिवसांत निम्मे रुग्ण तारखा चुकवतात, म्हणून पुस्तकात दहा-बारा भेटींत संपणारे हे काम इकडे वर्षभर रेंगाळते.

तो क्लीनर अपघात विसरलेला नाही. पण गेल्या खेपेला बोलता बोलता तो म्हणाला, “गाडी उलटनी व्हती,” आणि त्याच्या लक्षातही आले नाही. ट्रकवर तो परत गेलेला नाही. त्याच्या आईने उठताना पुन्हा गोळीबद्दल विचारले, या वेळी स्वतःसाठी. त्यांना मी गुरुवारची तारीख दिली आहे.