स्पाचे 24 तास: ओ रूजच्या नादी लागू नका

बेल्जियममधल्या स्पा सर्किटवर दरवर्षी 24 तासांची कार शर्यत होते. तिथल्या ओ रूज-रॅदियों या चढावरच्या वळणांच्या कुंपणाशी ठाण मांडून ती बघा, हा सल्ला ज्याने पहिल्यांदा दिला त्याने शर्यत बहुधा टीव्हीवरच बघितली असावी. चढ भन्नाट आहे, वादच नाही. पण जीटी3 गाडी (रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेली शर्यतीची गाडी) तिथून काही सेकंदांत वर निघून जाते आणि ओव्हरटेक तिथे जवळपास होतच नाही. तो होतो केमेलच्या सरळ पट्ट्याच्या टोकाला, ले कोंबच्या वळणाला ब्रेक मारताना. 2022च्या कामात रॅदियोंवर उभं राहिलेलं स्टँड आपल्या तिकिटात आहे का ते बघा. नसेल तर त्यासाठी वेगळे पैसे घालू नका.

पैसे पॅडॉकवर, म्हणजे टीमा गाड्या आणि सामान ठेवतात त्या आवारावर घाला. पॅडॉक प्रवेशाशिवायचं तिकीट इथे अर्धवट आहे, कारण ही शर्यत ज्या मालिकेत येते (आजची जीटी वर्ल्ड चॅलेंज युरोप), ती मुळात गाडी विकत घेणाऱ्यासाठीच उभी राहिली. युर्गन बार्थ, पॅट्रिक पीटर आणि स्तेफान रातेल यांनी 1994मध्ये बीपीआर मालिका काढली ती हौशी चालक आणि खासगी टीम डोळ्यांसमोर ठेवून. मग गाड्या बनवणाऱ्या कंपन्या स्वतःच उतरल्या. पोर्श 911 जीटी1, मर्सिडीज सीएलके-जीटीआर या नावापुरत्याच रस्त्यावरच्या गाड्या होत्या. 1997मध्ये मालिका एफआयए (मोटरस्पोर्टची आंतरराष्ट्रीय संघटना) जीटी झाली, 1998मध्ये मर्सिडीजने एकूण एक शर्यत जिंकली, बाकीच्यांनी काढता पाय घेतला आणि 1999ला त्यांचा जीटी1 वर्गच बंद पडला. 2006मध्ये रातेलने जीटी3 आणला तो यातून शहाणा होऊन: टीमने तयार गाडी विकत घ्यायची, आणि वजन, हवेचा रिस्ट्रिक्टर (इंजिनात जाणारी हवा आवळणारा भाग) किंवा टर्बोचा दाब, जमिनीपासूनची उंची यात फेरफार करून सगळ्या मॉडेलांना एका पातळीवर आणायचं. काही जण याला आजही फसवणूक म्हणतात. म्हणोत. साठाहून जास्त गाड्या एका ग्रिडवर दिसतात त्या याच हिशेबामुळे.

जुने व्हिडिओ शोधताना नावांचा घोळ होतो. 2011ची ब्लांपां एन्ड्युरन्स मालिका आणि आजची जीटी वर्ल्ड चॅलेंज युरोप हे एकच घराणं आहे. आताचं नाव 2020पासूनचं.

आता रस्त्याचं. ट्रॅक 7.004 किलोमीटरचा, आणि सर्वांत उंच व सर्वांत खालच्या बिंदूत सुमारे 100 मीटरचा फरक. ले कोंब वर, स्ताव्हलोचं वळण तळाला. नकाशावर ‘फेरफटका’ वाटणारा भाग फसवतो तो इथेच. ले कोंबकडून रिव्हाज आणि पुढे पूओंकडे जंगलातून उतार लागतो. उतरताना काही वाटत नाही, म्हणून माणूस तसाच स्ताव्हलोपर्यंत जातो. मग पॅडॉककडे परतायला तेवढंच चढायचं. पाऊस पडून गेला असेल तर ती वाट म्हणजे निव्वळ राडा. स्पोर्ट शूज घालून जाऊ नका. घोट्यावर येणारे, खोल खाचांचे ट्रेकिंग बूट हवेत. हेडलॅम्प हवाच, मोबाइलच्या टॉर्चवर भागत नाही. स्ताव्हलो सरळ सोडून द्या. पूओं मात्र सोडू नका: बाहेरच्या उतारावर बसलं की गाड्या टेकडीवरून खाली येऊन दुहेरी डाव्या वळणात शिरताना लांबवर दिसतात, आणि वेगवेगळ्या गटांतल्या गाड्या एकमेकींना कशा ओलांडतात ते इथेच नीट कळतं. ब्राँझ गटात हौशी चालक असतातच. त्यांच्याकडे लक्ष ठेवा, आघाडीच्या झुंजीत वेळ जातो तो बहुतेकदा त्यांना ओलांडतानाच.

शर्यत शनिवारी दुपारी साडेचारला सुटते. गुण तीनदा वाटले जातात: सहा तासांनी, बारा तासांनी आणि शेवटी. म्हणून रात्री साडेदहा आणि पहाटे साडेचार, या दोन्ही वेळा जागे राहा. मधल्या वेळात झोपा. जूनअखेरीस सूर्य दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे खरा अंधार मोजकाच मिळतो. तो ला सूर्सला, म्हणजे सुरुवातीनंतरच्या पहिल्या वळणाला घालवा. या गाड्यांच्या ब्रेक डिस्क लोखंडी असतात, वळणापाशी त्या लालभडक दिसतात. कॅमेरा असेल तर पॅनिंगची (धावत्या गाडीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढण्याची) हौस इथेच भागवा. एखादी गाडी पिटमध्ये कितीतरी मिनिटं उभी दिसली तर लगेच बिघाड समजू नका. एक तांत्रिक थांबा सक्तीचा असतो आणि बहुतेक टीमा ब्रेक तेव्हाच बदलतात. काय चाललंय ते मोबाइलवर बघू म्हणाल तर गर्दीत नेटवर्क बसतं. लाइव्ह टायमिंग मिळेल तेव्हा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

आर्देनच्या या डोंगराळ भागात ला सूर्सला कोरडं आणि पूओंला सरी, असं सर्रास होतं. छत्री निरुपयोगी, मागच्याचे बोल ऐकाल. पोंचो घ्या, आत लोकरीचा थर. उन्हाळ्यातही पहाटे हुडहुडी भरते. इअरप्लग न विसरता.

लूट होते ती पार्किंगला. सर्किटभोवतीची खासगी कुरणं शर्यतीच्या दिवसांत पार्किंग होतात आणि दर फाटकावर तोंडी सांगितला जातो. ‘वीकेंडचे पैसे’ म्हणून दिलेले पैसे रविवारी सकाळी दुसराच माणूस ‘कालचे’ ठरवतो. रक्कम आणि दोन्ही तारखा कागदावर लिहून घ्या, त्या कागदाचा फोटो काढा. लिहून द्यायला तयार नसेल तर पुढचं कुरण बघा. गाडी उताराला तोंड करून लावा. चिखलात रुतलेली गाडी ओढायला येणारा ट्रॅक्टर फुकट नसतो.

आखेन, आइंडहोव्हनहून येणाऱ्यांना एवढंच सांगणं: बुधवारीच आलात तर स्पा गावातली परेड बघा, शर्यतीच्या गाड्या साध्या रस्त्याने गावात येतात. गुरुवार-शुक्रवार सराव आणि पात्रता, आरामाचे. रविवारी साडेचारला शर्यत संपली की ई42 महामार्गाकडे जाणारे रस्ते तुंबतात. सातपर्यंत पॅडॉकमध्ये थांबा, टीमा सामान आवरत असतात, गाड्या जवळून बघायला मिळतात. आणि चालवणारा कोण हे शनिवारीच ठरवून त्याला रात्री सक्तीने झोपवा, त्याने कितीही कुरकुर केली तरी.