कल्याण फास्टमधले पाहुणे

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून दुपारी सुटणाऱ्या कल्याण फास्टमध्ये निदान बसायला जागा मिळते. त्या दिवशी माझ्या समोरच्या बाकावर एक परदेशी जोडपे बसले होते. भायखळ्यापर्यंत दोघे मजेत होते. दादरला लोंढा आत घुसला आणि उतरणाऱ्यांना धड उतरूही न देता चढणारे हे लोक, रांग कशाशी खातात हेही यांना ठाऊक नाही, अशा अर्थाचे बोलणे इंग्रजीत सुरू झाले. समोरच्या माणसाला ते कळत असेल, अशी शंकाही त्यांना आली नसावी.

हीच कुरकुर मी स्वतः घरी रोज करतो; तरीही पाहुण्यांच्या तोंडून ती ऐकताना माझे कान तापले. 16 एप्रिल 1853 रोजी याच मार्गावर, बोरीबंदर ते ठाणे, पहिली आगगाडी धावली तेव्हा 14 डब्यांत सुमारे 400 निमंत्रित होते. आज गर्दीच्या वेळी तेवढी माणसे एकट्या डब्यात असतात आणि गाडी स्थानकात जेमतेम अर्धा मिनिट थांबते. तेवढ्यात जो चढला नाही, तो राहिला.

शिवाय रांग असतेच, फक्त ती फलाटावर नसून डब्यात असते. दादर सुटताच कुर्ल्याचे लोक दाराशी आणि घाटकोपरचे त्यांच्यामागे, असा क्रम लागू लागतो. मागचा माणूस पुढच्याच्या खांद्याला बोट लावून "घाटकोपर?" एवढेच विचारतो आणि "नाही, ठाणे" असे उत्तर देणारा, तसूभर जागा नसतानाही, अंग चोरून त्याला पुढे जाऊ देतो. तिघांच्या बाकावरच्या चौथ्या सीटचेही तसेच आहे. एका घामाघूम गृहस्थांनी हातानेच "जरा सरका" अशी खूण केली, तेव्हा समोरचे साहेब आधी गोंधळले आणि मग नाराजीनेच सरकले. हे सारे न सांगता कळावे, अशी अपेक्षा पाहुण्यांकडून करणे अन्यायाचे आहे, हेही खरेच.

मात्र पुढच्या दोन गोष्टींवर मी मनातल्या मनातही वकिली करू शकलो नाही. पलीकडच्या एकाने मोबाइलवर मालिका लावली होती, तीही आवाज पूर्ण वाढवून. विक्रोळीच्या आसपास दारातल्या दुसऱ्याने गुटख्याची पिचकारी बाहेर मारली आणि वाऱ्याने तिचे शिंतोडे मागच्या खिडकीतून थेट त्या बाईंच्या बाहीवर आले. त्या काहीच बोलल्या नाहीत, रुमालाने बाही पुसत राहिल्या. डब्यातल्या आम्हा इतक्या जणांपैकीही कोणी त्याला हटकले नाही. गर्दीला कारण असते. याला कोणते असणार?

मुलुंड मागे पडल्यावर शेजारच्यांनीच त्या दोघांना ठाण्यासाठी उठवले, दाराकडे वाट करून दिली आणि रॅकवरची त्यांची पिशवी हातोहात पुढे पोचवली. मोबाइलवरची मालिका डोंबिवलीपर्यंत चालू होती.