मिठाचा पुडा आणि माझं बीपी

आशाताई तिशीपुढच्यांचा फॉर्म भरायला आल्या, तेव्हा मला काहीच होत नव्हतं. जनता वसाहतीत वरच्या अंगाला आमचं घर, स्वारगेटजवळच्या एका खाणावळीत मी पोळ्या लाटते. चढ चढून दम लागायचा, पण तो सगळ्यांनाच लागतो.

वय, कमरेचा घेर, व्यायाम, दारू, घरात कुणाला बीपी-शुगर, असं एकेक विचारून त्या गुण मांडत होत्या. चारच्या वर गेलं की तपासणी आधी. तंबाखू खाता का म्हटलं की आमच्याकडच्या बायका नाही म्हणतात, म्हणून त्यांनी सरळ ‘मशेरी लावता का?’ असंच विचारलं. लावत होते, सकाळ-संध्याकाळ. आईला लकवा मारला होता, तेही सांगितलं. मी चारच्या वर गेले.

दवाखान्यात सिस्टरनी आधी पाच मिनिटं गप्प बसवलं. वरचा आकडा 160च्या पुढे. पुन्हा बोलावून मोजलं, तरी 140/90च्या खाली येईना. डॉक्टर मॅडमनी विचारलं, दुखण्याच्या गोळ्या किती खाता? कंबर धरली की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणायची, आमच्या गल्लीत सगळ्याच आणतात. त्या वारंवार खाल्ल्या तरी बीपी चढतं, हे तेव्हा कळलं.

मग मीठ. माणशी दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, पापड-लोणच्यातलं धरून. घरी येऊन हिशेब मांडला: पाच माणसांना 25 ग्रॅम, म्हणजे किलोचा पुडा 40 दिवस जायला हवा. आम्हाला महिन्याला दोन लागायचे. का, ते मला ठाऊक आहे. भाजी महाग, म्हणून पातेल्यात थोडी; तेवढ्यावर सगळ्यांच्या भाकरी खपवायच्या तर ती खारट-तिखटच करावी लागते. भाजी नसेल त्या दिवशी खर्डा. मीठ कमी करा म्हणणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावं. मी कणकेतलं आणि भातातलं मीठ पहिल्यांदा बंद केलं, कुणाला कळलंही नाही. आमटीतलं हळूहळू उतरवलं. सासूबाई रागावल्या, पण आता त्यांनाच फरसाण खारट लागतं. मशेरी सोडणं फार जड गेलं. सकाळची अजून सुटलेली नाही.

अ‍ॅम्लोडिपिनची गोळी महापालिकेच्या दवाखान्यात फुकट मिळते. पाय सुजले तेव्हा शेजारीण म्हणाली, बंद कर. मी मॅडमना दाखवलं, त्यांनी गोळी बदलून दिली. आता आकडा 130च्या आसपास असतो. तो गोळीमुळे उतरलाय, म्हणून गोळी चालूच आहे.

सध्या यांच्या मागे लागले आहे. रात्रपाळीचे वॉचमन, खिशात तंबाखूची पुडी, झोप जेमतेम. दवाखाना सकाळचा, तेव्हा हे नुकते येऊन आडवे झालेले असतात. वस्तीतले कितीतरी पुरुष असेच राहून जातात. आठवड्यातून एक दिवस तरी दवाखाना संध्याकाळी उघडा ठेवावा, असा अर्ज लिहिलाय. त्यावर बायकांच्या सह्या गोळा करते आहे.