पुणे ते मुरुड : जीएलएस आणि एक्स-७, मागच्या सीटवरून

मर्सिडीजची जीएलएस आपल्या चाकणला जोडली जाते, बीएमडब्ल्यूची एक्स-७ चेन्नईला. दोन्ही तीन रांगांच्या, पाच मीटरहून लांब, एअर सस्पेन्शनवाल्या, म्हणजे लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर तोललेल्या. पहिली माझ्या भावाची, दुसरी मेहुण्यांची. दोन्ही घरं मिळून दापोलीजवळच्या मुरुडला निघालो, तेव्हा मी ठरवून स्टिअरिंगला हात लावला नाही. या गाड्यांबद्दल लिहिणारे बहुतेक पुढे बसून लिहितात. घेणारा मात्र अनेकदा मागे बसणाऱ्या आईवडिलांचा विचार करून घेतो.

ताम्हिणी उतरेपर्यंत मी जीएलएसमध्ये आईशेजारी होतो. तिचे गुडघे दुखतात. भावाच्या गाडीला बाजूला पायरी आहे, तिच्यावर पाय टेकून आई कुणाचा हात न धरता चढली. माझ्या लेखी या गाडीची सगळ्यात मोठी सोय हीच. मधली सीट विजेवर मागेपुढे सरकते. तिची बटणं दारावर, सीटच्याच आकाराची. पाठीचं बटण ढकललं की पाठ कलते. आईला काही समजावून सांगावं लागलं नाही. पुढेही एसीची खरीखुरी बटणं एका ओळीत आहेत. नव्या एक्स-७ मध्ये हे काम बरंचसं पडद्यावर गेलंय. घाटात वळणामागून वळण येत असताना बोटाला सापडणारं बटण मला जास्त भरवशाचं वाटतं.

माणगावला चहा झाला आणि मी एक्स-७ च्या तिसऱ्या रांगेत जाऊन बसलो. मेहुण्यांनी सहा सीटची गाडी घेतली आहे. मधल्या दोन खुर्च्या सुट्या असल्यामुळे त्यांच्यामधून थेट मागे जाता येतं, काही दुमडावं लागत नाही. शिवाय मागच्या रांगेच्या डोक्यावर छताला वेगळी काच आहे. तिसऱ्या रांगेत एरवी कोंडल्यासारखं होतं आणि पोरांना गाडी लागते. इथे भाची पोलादपूरपर्यंत आभाळ बघत गप्पा मारत होती. जीएलएसची तिसरी रांगही मोठ्या माणसांना पुरते, पण हा उजेड तिथे नाही. कशेडीचा घाट आता बोगद्यामुळे टळतो, त्यामुळे खेडपर्यंत पोटातलं पाणी हललं नाही.

खरी परीक्षा मुरुडच्या गल्लीत झाली. दोन्ही बाजूंना पोफळीच्या वाड्या, चिऱ्यांचे गडगे, त्यात सुमारे दोन मीटर रुंद गाडी आणि समोरून टेम्पो! एक्स-७ हळू वेगात पुढे आलेला शेवटचा ५० मीटरचा मार्ग लक्षात ठेवते आणि त्याच वाटेने मागे जाताना स्टिअरिंग स्वतः फिरवते. मेहुण्यांनी फक्त ब्रेक सांभाळला. कोकणात राहणाऱ्याने या एका सोयीसाठी ही गाडी बघावी, असं मी मनापासून म्हणेन. जीएलएसचे चारी बाजूंचे कॅमेरे चांगले आहेत, पण मागे घेताना भावाला आरसे आणि पडदा दोन्हींकडे बघावं लागत होतं.

सामान उतरवताना मात्र पारडं फिरलं. एक्स-७ चं मागचं दार वर-खाली असं दोन भागांत उघडतं. खालच्या फळीवर बसून समुद्राकडे बघत शहाळं प्यायला मजा येते, पण आत सरकलेली बॅग काढायची तर त्या फळीवरून वाकावं लागतं. बहिणीची उंची बेताची, तिचा हात पोचेना. जीएलएसचं दार एकसंध वर जातं, मग बटण दाबून गाडीचा मागचा भाग खाली घेता येतो आणि जड बॅग अलगद ओढता येते. मागचा भाग खाली घ्यायची सोय एक्स-७ लाही आहे, पण पुढे आलेल्या फळीचं काय करणार?

आईसाठी मी जीएलएसच घेईन. घरात पोरं जास्त असती, तर एक्स-७.